कबनूरची गार्ड

बास्केटबॉल शिकवत होते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो, मग नजर वर नेतो, आणि ती फार वर न्यावी लागली नाही म्हणून हसतो. माझी उंची जेमतेम पाच फूट. त्यात गाव कोल्हापूर. इथली पोरं चालायला लागली की फुटबॉलला लाथ मारतात आणि अंगानं भरली की आखाड्यात उतरतात. अशा गावात बास्केटबॉल शिकवणं म्हणजे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीत वरणभाताचं पातेलं घेऊन फिरणं. पण मी फिरले. मागच्या वर्षी निवृत्त होईपर्यंत फिरले, आणि खरं सांगते, नोकरीत माझ्याइतकी मजा फार थोड्यांना आली असेल.

मी राधानगरीकडच्या लहान गावातली. वडील साखर कारखान्यात कामाला, आई घरची गुरं बघायची. गावच्या शाळेत खो-खो एवढा एकच खेळ, कारण त्याला पायांशिवाय काही लागत नाही. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. पुढे खेळाचं शिक्षण घेतलं आणि शहरातल्या हायस्कुलात लागले. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्या हातात दोन बॉल ठेवले. "मैदानात दोन खांब आहेत, वर कडीही आहेत. बघा काही होतंय का."

"सर, मी खो-खोची आहे."

"मग काय झालं? पळणं तेच की!"

ते सर आता नाहीत. पण त्यांच्या त्या एका वाक्यावर माझी अख्खी नोकरी उभी राहिली, म्हणून त्यांना इथे नमस्कार करून पुढे जाते.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. एका संघाचे पाच जण मैदानात असतात. उंच असतात ते कड्याखाली उभे राहून बॉल आत टाकतात, आणि पेपरात फोटो त्यांचे येतात. उरलेल्यांत एक-दोन बुटकी, चपळ पोरं असतात. ती गार्ड. बॉल जमिनीवर आपटत आपल्या बाजूकडून पलीकडे न्यायचा, आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची, हिसकावायला टपलेल्यांना चुकवायचं, आणि हे सगळं करताना आपल्यातलं कोण मोकळं आहे ते हेरून त्याला बॉल द्यायचा. लग्नघरात एक मामा असतो बघा. स्वतः पंगतीला बसत नाही, पण वाढपी कुठे, पाणी कुठे, नवरदेवाचा फेटा कुठे, सगळं त्यालाच विचारतात. तो गार्ड. लग्नानंतर अल्बम चाळला तर त्याचा एक धड फोटो सापडत नाही.

मला हे मामा लोक फार आवडायचे. गगनबावड्याच्या एका पोराला पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, याची कंबर धरली आहे. वाकून वाकून खेळायचा, बॉल कधी गुडघ्याच्या वर यायचा नाही. विचारलं तर म्हणाला, "बाई, आमच्यात पावसात भाईर कुठलं खेळायचं? घरातच, सोप्यात खेळतो. बॉल वर उडाला की आज्जा काठी फेकतोय." त्याच्या हातून बॉल काढणं जिल्ह्यात कुणाला जमलं नाही. आजोबांनाच जमलं नव्हतं, तिथे बाकीच्यांचं काय! दुसरा एक दूधवाल्यांच्या घरातला होता. समोरच्याचा बॉल हिसकावला की मागे वळून अगदी अदबीनं म्हणायचा, "येतो हां पावणं." समोरच्याला हसू फुटायचं आणि तेवढ्यात हा पलीकडे पोचलेला असायचा.

पण गार्ड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येते ती तहसीन.

ती आठवीत आमच्या शाळेत आली, कबनूरहून. इचलकरंजीला चिकटलेलं हे गाव यंत्रमागांचं. तहसीनच्या घरात खाली मालकाचे माग, ते वडील चालवायचे, आणि वर संसार. कोल्हापुरात ती खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या वर्गशिक्षिका माझ्याकडे आल्या. "अहो, ती नवी मुलगी हजेरीला 'येस मॅडम' म्हणते तर शेजारच्या वर्गातली मुलं उभी राहतात."

मी तिला मैदानावर बोलावलं. "एवढ्या मोठ्यानं का बोलतीस गं?"

"मोठ्यानं? कुठं?" ती म्हणाली, आणि खांबावरची दोन कबुतरं उडाली. "बाई, घरात माग चालू असतोय. हळू बोललं तर अम्मीला ऐकू येत न्हाय."

गार्डला आवाज लागतो. मला तर घरबसल्या भोंगा मिळाला. शिवाय पोरगी हुशार. कोण कुठे पळणार हे तिला पळणाऱ्याच्या आधी कळायचं. नववीत मी तिला संघात घेतलं. ऋतुजा नावाची आमची उंच मुलगी कड्याखाली, तहसीन बॉल घेऊन मागे. सरावाला तहसीनचा आवाज बसस्टॉपपर्यंत जायचा. "ऋतुजा, डावीकडं! डावीकडं म्हटलं की बाई!" मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले होते.

मग जिल्हा स्पर्धेतला पहिला सामना आला. दोन्ही शाळांची पोरं दोरीबाहेर, आमच्याकडे हलगी, त्यांच्याकडे ताशा. कानठळ्या बसल्या. आणि तहसीन गप्प झाली. एकदम गप्प. गोंगाट जसा वाढेल तसे तिचे ओठ घट्ट मिटायचे आणि हात मात्र हवेत काहीबाही करायचे. बोटं उघडली, मूठ पालथी केली, अंगठा तोंडाकडे नेला. बाकीच्या चौघी तिच्याकडे बघून गोंधळलेल्या.

मी बाहेरून ओरडत होते, "बोल की गं! तोंड शिवलंय काय?"

ऋतुजाच्या हातात बॉल होता. तिच्या पाठीमागून समोरच्या संघातली एक मुलगी झडप घालायला येत होती. तहसीननं ऋतुजाकडे बघून वरच्या ओठावरून बोट फिरवलं आणि मिशी पिळल्यासारखं केलं. आता दुर्दैव असं की ऋतुजाच्या बरोब्बर मागे रेफरी उभे होते. त्यांची मिशी सगळ्या जिल्ह्याला माहीत होती. शिट्टी वाजली. टेक्निकल फाउल! म्हणजे खेळातली चूक नव्हे, वागण्यातली. त्याची शिक्षा म्हणून समोरच्यांना कड्यात फुकट बॉल टाकायला मिळतो.

"माझ्या मिशीची चेष्टा?" रेफरी लालबुंद झाले.

"न्हाय सर, मी तुमास्नी न्हाय बोललो. तिला बोललो."

"तिला? तिला मिशी हाय?"

ऋतुजानं भीतीनं स्वतःच्या ओठाला हात लावून बघितला. मी धावत गेले. तहसीन रडायच्या बेतात होती, पण तिनं नीट समजावून सांगितलं. माग सुरू असले की शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही, म्हणून मागवाले खुणांनी बोलतात. मिशी पिळली की अर्थ, मालक आलाय, मागं बघ.

रेफरी जरा निवळले. "आणि मालकाला मिशी नसली तर?"

"तरीबी असंच करतो सर. आमच्या मालकाला न्हाईच की."

ते हसले. सगळे हसले. पण वाजलेली शिट्टी परत घेता येत नाही, त्यामुळे शिक्षा झालीच. सामना आम्ही कसाबसा जिंकलो.

घरी जाताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. इतकी वर्षं मी पोरांना गोंगाटात ओरडायला शिकवत होते. आणि ही मुलगी अशा घरातून आली होती, जिथे गोंगाटात ओरडणं हाच वेडेपणा समजतात.

पुढच्या रविवारी मी अख्खा संघ टेंपोत घालून कबनूरला नेला. तहसीनचे अब्बा सलीमभाई दारातच उभे होते. "या बाई, या. पोरीस्नी घेऊन आलासा, लई बरं वाटलं." आत माग सुरू होते. सूत नेणारा धोटा इकडून तिकडे असा आपटत होता की छातीत ठोके पडावेत. सलीमभाईंनी माग न थांबवताच शिकवणी घेतली. दोन बोटं फाकवली, म्हणजे धागा तुटला. मूठ पालथी, म्हणजे सुताची कांडी संपली, दुसरी दे. अंगठा ओठाला, म्हणजे चहा, दमानं घे. मग जिन्यावर बसून मुलींनीच त्याचा बास्केटबॉल केला. धागा तुटला म्हणजे त्यांच्यात फट पडली, आत घूस. कांडी संपली म्हणजे मी अडकले, बॉल परत दे. चहा म्हणजे घाई नको. मालक तर आमच्या ओळखीचाच झाला होता.

"बाई, नाद खुळा हाय ह्यो!" ऋतुजा ओरडली. अर्थात कुणाला ऐकू आलं नाही. ओठ हलताना दिसले, एवढंच.

चहा घेताना सलीमभाईंनी मला बाजूला घेतलं. तहसीनच्या खालूची, म्हणजे मावशीच्या यजमानांची, बदली नाशिकला झाली होती. दिवाळीनंतर खालाचं बिऱ्हाड हलणार, आणि तहसीन कबनूरला परत येणार.

"खेळ सुटंल की हो तिचा," मी म्हटलं.

"शाळा हितंबी हाय, बाई. पर तुमचं ते कडं न्हाय." ते खाली बघत म्हणाले. "रोज येजा केली तर सकाळचा सराव गाठायला पोरगीनं उठायचं कवा, आन् अभ्यास कवा? मी आडवा येत न्हाय. तुमीच सांगा, ठेवू कुठं?"

माणूस चुकीचं काहीच बोलत नव्हता. एकच वाट होती. कोल्हापुरात खेळाडूंचं सरकारी वसतिगृह होतं. राहणं, खाणं, शाळा आणि सराव, सगळं तिथे. जिल्ह्याचा अंतिम सामना बघून निवड समिती दोन मुली घेणार होती. त्या दोघींत तहसीन आली तर तिचा खेळ राहणार, नाही आली तर दिवाळीपासून बंद. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात विचारलं, "म्हंजे फायनलला जायाचंच काय, बाई?"

"जायचंच."

मग काय दिवस होते ते! मुली झोपेतसुद्धा मूठ पालथी करत असतील. गणिताचे सर तक्रार घेऊन आले, "बाई, तुमच्या मुली माझ्या तासाला मिशा का पिळतात?" मी चौकशी केली. मुख्याध्यापक व्हरांड्यात दिसले की ही खूण पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जायची. सरांना मी सांगितलं, हा सरावाचा भाग आहे. खोटं नव्हतं ते.

आम्ही फायनलला पोचलो. समोर इंग्रजी माध्यमाची एक मोठी शाळा. त्यांची कप्तान अनुष्का, तीही गार्डच, आणि फार सुरेख खेळणारी. त्यांचे सर बाहेरून सूचना द्यायचे, ती आत ओरडून सांगायची. पण आमच्या पोरांनी त्या दिवशी हलगी वाजवली ती अशी की मंडपातल्या खुर्च्या हलत होत्या. अनुष्काचं बोलणं तिच्या शेजारच्या मुलीलाही पोचेना. आणि त्या सगळ्या कल्लोळात आमच्या पाचजणी शांतपणे गप्पा मारत होत्या. तहसीनची दोन बोटं फाकली की ऋतुजा आत. मूठ पालथी झाली की बॉल परत. एकदा तर तिनं अंगठा ओठाला लावला आणि पाचहीजणी अशा निवांत झाल्या की समोरच्या मुली बुचकळ्यात पडून जागच्या जागी थांबल्या. तेवढ्यात धागा तुटला! मी बाकावर उभी राहून नाचत होते. माझ्या वयाला आणि हुद्द्याला ते शोभत नव्हतं, पण तेव्हा ते कोण बघतंय!

आम्ही जिंकलो.

जल्लोष ओसरला, पोरांनी हलग्या खाली ठेवल्या, आणि निवड समितीच्या टेबलाशी मला बोलावणं आलं. समितीचे प्रमुख कदमसर, पांढरी टोपी, कमी बोलणारा माणूस. ऋतुजाचं नाव त्यांनी लगेच सांगितलं. दुसऱ्या नावावर अडले.

"तुमची गार्ड चपळ आहे, बाई. पण आख्ख्या सामन्यात एक बास्केट तिच्या नावावर. वर विचारलं तर काय सांगू? हात छान हलवते म्हणून घेतली?"

"सर, बाकीच्यांच्या बास्केट कुणी करून दिल्या?"

"ते दिसलं. पण तुमच्या मुली तिच्या सवयीच्या आहेत. तिला कड्यात बॉल टाकू दे, बघू."

तहसीननं टाकले. पहिला कड्याला लागून परत आला. दुसरा कड्यालाही लागला नाही. तिसरा कड्यामागच्या फळ्यावर आपटून सलीमभाईंच्या पायाशी जाऊन पडला. ते दोरीबाहेर सगळ्यात पुढे उभे होते. त्यांनी बॉल उचलून, दोन्ही हातांनी, एखादी नाजूक वस्तू द्यावी तसा लेकीला परत दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला लांबून दिसलं.

मला राहवेना. "सर, स्वयंपाकिणीची परीक्षा तिला जेवायला बसवून घेता काय?"

"मग कशी घेऊ?"

"तिला परक्या चार मुली द्या. समोर तिच्या जागी राखीव मुलगी घेऊन माझाच संघ उभा करते. पाच-सात मिनिटं बघा."

कदमसरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "परक्या कुठून आणायच्या?"

हरलेला संघ बूट काढून पिशव्या भरत बसला होता. सगळ्यांचे डोळे सुजलेले. त्यांना कुठल्या तोंडानं विचारणार? मी विचारायच्या आधी तहसीनच गेली. काय बोलली ते हलग्या बंद असल्यामुळे सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "मला तुमच्यातल्या चौघी पायजेत. न्हायतर माझं खेळायचं बंद हुतंय!"

त्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. हिनंच नुकतं त्यांना रडवलं होतं. मग अनुष्का वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. "बॉल तू आण," ती म्हणाली. "मी कड्याखाली जाते. मला आजपर्यंत कुणी आयता बॉल दिलाच नाही. दरवेळी मीच आणायचा."

इकडे ऋतुजा माझ्या कानाशी आली. "बाई, सोडायचं काय जरा?"

"अजिबात सोडायचं न्हाय. सोडलंस तर सरांना कळंल, आणि तिलाबी कळंल. जीव तोडून खेळायचं."

"पर बाई, तिच्या सगळ्या खुणा आमाला ठावं हायत. ती हरंल की वो!"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तहसीनची सगळी भाषा माझ्या मुलींना पाठ, आणि तिच्याबरोबरच्या चौघींना तिचं एक अक्षर माहीत नाही. पण आता माघार कशी घेणार? तिकडे तहसीननं चौघींची डोकी एकत्र आणली होती आणि चक्क कुजबुजत होती. तिला कुजबुजता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

शिट्टी वाजली. हलगीवाल्यांना काय चाललंय ते कळेना, पण बॉल हलतोय म्हटल्यावर त्यांनी सुरू केलं. तहसीन बॉल घेऊन आली, आणि डावीकडे बघून दोन बोटं फाकवली. धागा तुटला! माझ्या मुली इतक्या तयारीच्या की तिघी डावीकडे झेपावल्या. बॉल उजवीकडे गेला. तिथे अनुष्का एकटी, निवांत. बास्केट.

पुढच्या खेपेला मूठ पालथी. म्हणजे ती अडकली, बॉल परत मागतेय. आमच्या दोघी तिच्या अंगावर धावल्या, तर बॉल त्या दोघींच्या मधून आत गेलेला. बास्केट. मग अंगठा ओठाला. चहा. ऋतुजानं सवयीनं खांदे सैल सोडले. तेवढ्यात तहसीन तिच्या बगलेतून निघून गेली आणि अनुष्काला बॉल देऊन मोकळी.

"ए, फसवतीया की ही!" ऋतुजा किंचाळली. "खुणांकडं बघू नका गं कुणी!"

न बघून करतात काय? इतके दिवस मीच घोटवून घेतलं होतं, तहसीनचा हात उठला की पाय उचलायचा. पाय ऐकेनात. त्यात तिनं एकदा खरीच खूण केली आणि मुलींनी ती खोटी समजली, तेव्हा तर चौघी चार दिशांना गेल्या. दोरीबाहेर लोक पोट धरून हसत होते. परक्या शाळेच्या त्या मुली, ज्या थोड्या वेळापूर्वी हुंदके देत होत्या, आता एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या आणि तहसीनला "दीदी, इकडे! दीदी!" म्हणून हाका मारत होत्या. माझ्या मुलींनी खरोखर जीव तोडला. ऋतुजानं एक-दोन बास्केट केल्या, घाम गाळला, कोपर फोडून घेतलं. काही उपयोग झाला नाही.

वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा आम्ही सपशेल हरलो होतो. जिल्ह्याचे विजेते होऊन आम्हाला अर्धा तासही झाला नव्हता, आणि ज्यांना हरवलं त्यांनीच आम्हाला धुतलं होतं.

कदमसर उभे राहिले. त्यांनी तहसीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लिहितो नाव," म्हणाले. "फक्त एक करा, बाई. वसतिगृहात हिला सांगा, आधी कुठल्या संघात आहे ते आम्हाला कळवत जा."

सलीमभाई दोरी ओलांडून आत आले आणि मध्येच थांबले, कारण लेक परक्या मुलींच्या ढिगाखाली होती. दिसत होता फक्त एक बूट. ते हसत होते आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होते. ऋतुजा धापा टाकत माझ्याकडे आली. राग आणि आनंद दोन्ही तिच्या तोंडावर मावत नव्हते. "बाई, हरलो की आपण!"

"व्हय गं, हरलो!" मी तिला मिठीच मारली.

हलगीवाला पोरगा गोंधळून काठ्या हातात धरून उभा होता. "बाई, कोण जिंकलं? वाजवू का नको?"

"वाजव की रं!" मी ओरडले, तहसीनला लाजवेल अशा आवाजात. "हरलोय आम्ही, वाजव!"